हातात प्लेट आहे आणि भावाला अग्निवीर व्हायचंय, लपवायचं की काढायची?

हर्णैची_ताई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ, १९ला टेकलाय. २०२३च्या मे महिन्यात आमच्या बागेत आंबे काढताना फांदी मोडली आणि तो पडला, डावा हात कोपर आणि मनगटाच्या मधे मोडला, दोन्ही हाडं. त्याच रात्री गाडी करून नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, दोन प्लेटी आणि स्क्रू बसवले. हात एकदम छान आहे आता, बादली उचलतो, होडी ओढायला बाबांबरोबर जातो, काही म्हणजे काही दुखत नाही. डॉक्टर तेव्हा म्हणालेले की प्लेट आयुष्यभर राहिली तरी चालते.

आता त्याला आर्मीत जायचंय. आजचं नाही हे, सातवीत असल्यापासून. रोज पहाटे किनाऱ्यावर धावतो, १.६ किमी ५ मिनिटं ४० सेकंदावर आलाय. जिथे क्लास लावलाय तिथले सर म्हणाले की प्लेटचं कुणाला सांगायचं नाही, मेडिकलला विचारलं तर लहानपणी खरचटलेलं म्हणायचं. त्याला ते पटलंय. मला नाही पटत. पण मला त्यातलं काही कळतही नाही म्हणून इथे विचारतेय.

अजून एक सांगते. त्या दिवशी झेला (आंबे काढायची जाळीची काठी) पोचत नव्हता म्हणून वर चढ असं मीच त्याला म्हटलं होतं. तो कधी बोलून दाखवत नाही, पण ह्या प्लेटीमुळे त्याचं राहिलं तर मला ते आयुष्यभर लागून राहील.

बाणकोट_खाडी

ताई आधी स्वतःला दोष देणं बंद करा. आंब्याच्या दिवसात घरोघर कुणी ना कुणी पडतं.

माझ्या माहितीत एकाने पैसे देऊन मेडिकल काढून घेतलंय असं ऐकलंय, नंबर मिळतो का बघू का?

माजी_नायब_सुभेदार

बाणकोट, असला नंबर कुणाला देऊ नकोस आणि घेऊ नकोस. मेडिकल पैशाने होत नाही. हे लोक पन्नास पोरांकडून पैसे घेतात, त्यातली वीस स्वतःच्या अंगाने पास होतात, त्यांचे पैसे ठेवतात, बाकीच्यांना फिरवतात. किती घरांनी गाई-म्हशी विकल्यात ह्यात ते मी बघितलंय.

ताई, मी आर्मी मेडिकल कोअरला होतो, नर्सिंग असिस्टंट म्हणून लागलो आणि नायब सुभेदार होऊन घरी आलो. कित्येक भरत्यांना मेडिकलच्या तंबूत उभा राहिलोय. म्हणून स्पष्ट सांगतो, लपत नाही. पोराला चड्डीवर उभं करतात, पुढून मागून बाजूने बघतात, दोन्ही हात पुढे करून तळवे वर, तळवे खाली करायला लावतात. प्लेट बसवलेल्या हाताचा वण हा लांब सरळ असतो, खरचटल्याचा वण तसा नसतो. दोन हाडं म्हणजे बहुतेक दोन वण असणार. डॉक्टर अंगठा फिरवतो त्यावरून, प्लेट बोटाला लागते. मग एक्स-रे. एक्स-रेत प्लेट अशी दिसते जशी रात्री समुद्रात बत्ती.

आणि समजा चुकून निसटला. ते जास्त वाईट. आमच्या ट्रेनिंग सेंटरला एक पोरगा होता, नडगीत रॉड होता, सांगितलं नव्हतं. सातव्या आठवड्यात बूट घालून पळताना दुखायला लागलं, एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) पाठवला, फिल्म बघितली आणि संपलं. घरी पाठवला. रिकाम्या हाताने. मेडिकलला आधीच्या आजार-ऑपरेशनची माहिती विचारतात, खाली पोराची सही असते. त्या सहीवर त्याला बोलायला जागाच राहिली नाही. त्याच्या बापाला सेंटरच्या गेटवर बघितलंय मी, ते चित्र अजून जात नाही डोळ्यासमोरून. क्लासच्या सरांचं काय जातं, ते पुढच्या बॅचला लागतात.

आता दुसरी बाजू ऐक. हात मोडला म्हणून दार बंद असं नाही. हाड कुठे मोडलंय, आत धातू अजून आहे का, आणि किती महिने झाले, ह्या तीन गोष्टींवर सगळं आहे. यूपीएससीच्या एनडीए आणि सीडीएस ह्या ऑफिसर व्हायच्या परीक्षांच्या जाहिरातीला जी मेडिकलची पुरवणी असते त्यात हे छापलेलं आहे. सांध्याबाहेर मोडलेलं असेल आणि प्लेट आत असेल तर अनफिट, आणि प्लेट काढल्यावर कमीत कमी १२ आठवडे झाले की विचार करतात. ऑपरेशन न करता नुसत्या प्लास्टरवर जुळलेलं लांब हाड असेल तर मोडल्यापासून ९ महिन्यांनी बघतात, वाकडं जुळलेलं नको, नस-शीर धरलेली नको, हालचाल पूर्ण हवी. पण मोठ्या सांध्यातच फ्रॅक्चर गेलं असेल, खांदा कोपर मनगट खुबा गुडघा घोटा, तर ऑपरेशन केलेलं असो नसो, प्लेट असो नसो, अनफिट. हे ऑफिसर एंट्रीचं झालं. अग्निवीरला त्या त्या भरतीच्या नोटीसमधलं धरायचं, ती ओळ न ओळ वाचायची. पण धातू आत ठेवून जाऊ नको हे सगळीकडे एकच.

आधी त्याचा जुना एक्स-रे शोध.

हर्णैची_ताई

काका खूप खूप आभार. आई म्हणतेय एक्स-रे माळ्यावर आहेत. मनगटापासून साधारण चार बोटं वर मोडला होता असं आठवतंय. ते सांध्यात धरतात का??

अस्थी_चिपळूण

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, चिपळूणला प्रॅक्टिस करतो. ताई, चार बोटं वर हे आपल्या आठवणीवर सोडू नका. मनगटाजवळचं फ्रॅक्चर असलं की कधी कधी एक बारीक रेघ खाली सांध्यापर्यंत उतरलेली असते, बाहेरून कळत नाही, आणि सुभेदार काका म्हणतात त्याप्रमाणे त्या रेघेवरच फिट-अनफिट ठरतं. ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे आणि ऑपरेशन नोट, दोन्ही बघा. नोटमधे हाडाचा कुठला भाग लिहिलाय ते इथे टाका. नाव-गाव झाकून.

देवगडचा_रेडर

ताई मी तुमच्या भावासाठी लिहितोय, त्याला हे वाचून दाखवा.

मी कबड्डी खेळायचो, रेडर. तालुक्याच्या फायनलला उजवा गुडघा फिरला, कट्ट असा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. मुंबईला ऑपरेशन केलं, मांडीच्या मागची शीर काढून नवीन लिगामेंट बनवतात ते. नऊ महिन्यात मी पळायला लागलो, एका वर्षात पहिल्यासारखा. मग डिग्री करत करत सीडीएसची तयारी चालू केली, दोन वर्ष, पहाटे चारला उठून, घरचे बागेचं काम पण मला सांगायचे नाहीत की पोरगा ऑफिसर होणार आहे. दोन वर्षात मला एकानेही सांगितलं नाही. एक दिवस एका मित्राने ती पुरवणी पाठवली आणि त्यात गुडघ्याच्या खाली एक ओळ, एसीएल रिकन्स्ट्रक्शन झालेले उमेदवार अनफिट. एवढंच. किती महिन्यांनी वगैरे काही नाही. मी ती ओळ किती वेळा वाचली असेल, वाटायचं पुढच्या पानावर काहीतरी असेल, पण तसं वगैरे काही लिहिलं नव्हतं.

ऑपरेशन केल्याचं मला वाईट वाटत नाही, त्या गुडघ्यावर मी होडीवर पण उभा राहू शकत नव्हतो. वाईट वाटतं ते दोन वर्षांचं. मला पहिल्याच महिन्यात कळलं असतं तर मी रडलो असतो आणि दुसरं काहीतरी धरलं असतं. आता मी भावाच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपला आहे आणि संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो, गुडघा दुखला म्हणाला की त्याला त्या दिवशी मॅटवर उतरवत नाही.

तुमच्या भावाचं दार उघडं असू शकतं. त्याने खोटं बोलून ते स्वतःच्या हाताने लावू नये.

अस्थी_चिपळूण

देवगड, मनापासून लिहिलंत. लोक मला विचारतात की एवढं मस्त पळतोय तर अडवतात का. नवीन लिगामेंट रोजच्या जगण्याला आणि खेळालाही पुरतं, पण पाठीवर ओझं घेऊन डोंगर उतरताना गुडघ्यावर जे येतं, वर्षानुवर्ष, त्यात ते परत तुटण्याची आणि सांधा लवकर झिजण्याची शक्यता जास्त असते. सांध्यातल्या फ्रॅक्चरचंही तेच, गादी एकदा खडबडीत झाली की झीज लवकर चालू होते. तिथे एकाचा गुडघा गेला तर त्याला उचलून आणायला चार माणसं लागतात.

खांद्याचंही लक्षात ठेवा कबड्डीवाल्यांनी. परत परत निखळणारा खांदा किंवा त्यासाठी केलेलं ऑपरेशन, दोन्ही अनफिटमधेच येतं.

मालवणी_नाविक

गो बाय, माझो अनुभव सांगतंय. माका हर्निया होतो, जांघेतलो. सतराव्या वर्षी ऑपरेशन झाला. आवशीन सांगितल्यान आता नेव्हीचा नाव काढू नको.

पुढचं साध्या मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. हर्नियाला त्यांचं असं होतं की ऑपरेशनला एक वर्ष झालेलं पाहिजे, त्याचा कागद पाहिजे, पोटाचे स्नायू घट्ट पाहिजेत आणि हर्निया परत आलेला नको. मी वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलो. त्या वर्षात ४ डिसेंबर २०२३ला आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर नेव्ही डे झाला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर ही गर्दी, आणि मी बोटी बघत उभा होतो, पोटात नुसतं कालवत होतं की आपलं होईल की नाही. मग फॉर्म भरला. पहिल्या मेडिकलला डॉक्टरांनी वण बघून विचारलं, ये निशान कब का है. मी तारीख सांगितली आणि डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. खोकायला लावलं, हात लावून बघितलं, झालं. ओडिशाला आयएनएस चिल्काला गेल्यावर परत पूर्ण मेडिकल होतं, तिथेही तसंच. दोन्हीकडे मी एकच सांगितलं कारण सांगायला एकच होतं. माझ्या बरोबरचा एक पोरगा पहिल्या ठिकाणी एक बोलला आणि चिल्काला दुसरं, तो तिथून परत गेला.

दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या ऑपरेशनला कमी थांबावं लागतं, त्या ऑफिसरच्या जाहिरातीत ८ आठवडे आहे, आणि पोट उघडून केलेल्याला १ वर्ष. अपेंडिक्सवाली पोरं घाबरून फॉर्मच भरत नाहीत म्हणून सांगितलं.

हर्णैची_ताई

सापडलं!! माळ्यावर गणपतीच्या मखराच्या मागे होते. ऑपरेशन नोटमधे लिहिलंय दोन्ही हाडं मिडशाफ्ट. आधीचा एक्स-रे उजेडात धरून बघितला, तुटलेली जागा बरोबर मधे आहे, मनगटाजवळ काहीच नाही. म्हणजे मला चार बोटं आठवत होतं ते चुकीचं.

पण एक घोळ आहे. डिस्चार्ज कार्डवर उजवा हात लिहिलंय. हात डावा मोडलाय. एक्स-रेवर डावा आहे. आम्ही दोन वर्षात कधी वाचलंच नाही ते.

माजी_नायब_सुभेदार

मिडशाफ्ट, देव पावला. सांध्यापासून लांब आहे.

कार्डाचं हसण्यावारी नेऊ नको. मेडिकलला डाव्या हातावर वण आणि कागद उजव्याचा, म्हणजे हा कागद दुसऱ्याचा आहे असं कुणीही म्हणेल. ज्या हॉस्पिटलचं कार्ड आहे तिथे जा, इनडोअर केसपेपर त्यांच्याकडे असतात, त्यावरून दुरुस्त कार्ड मागून घे, सही शिक्का तारखेसकट. हाताने खोडून दुरुस्त केलेलं घेऊ नको. आज उद्या जा, हॉस्पिटलं जुने कागद कायम ठेवत नाहीत.

अस्थी_चिपळूण

छान. आता प्लेट काढण्याबद्दल, कारण इथे लोक घाई करतात.

माझ्याकडे तरणा पेशंट आला आणि काही त्रास नसेल तर हाताची प्लेट काढूच नका असं मीही सांगतो. तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही, त्यांना भरतीचं माहीत नव्हतं. कोपराखालच्या हाताची प्लेट काढणं हे दिसतं तितकं साधं नाही. एक तर जुन्या वणातून परत आत जायचं, तिथे नसा चिकटलेल्या असतात, कोपराजवळ जी नस बोटं वर उचलते तिला जपावं लागतं. दुसरं म्हणजे स्क्रू काढले की हाडात भोकं राहतात. ती भरेपर्यंत हाड त्या जागी कच्चं असतं आणि प्लेट काढल्यावर परत तिथेच मोडल्याचे पेशंट आम्ही सगळ्यांनी बघितलेत. म्हणून मोडल्यापासून दीड वर्षाच्या आत मी सहसा हात लावत नाही. तुमच्या भावाचं ते उलटून गेलंय, ते चांगलं आहे. नवीन एक्स-रे काढा, दोन्ही हाडं चारही बाजूंनी भरून आलीत का बघा, मगच तारीख घ्या.

काढल्यावर निदान सहा आठवडे ओझं नाही, पडण्याची कामं नाहीत, झाडावर तर अजिबात नाही. पुलअप्स नाहीत. हे त्याला तुम्ही समोर बसवून सांगा. पळायला टाके निघाल्यावर हरकत नाही. पुलअप तीन महिन्यांनी, एक्स-रे दाखवून, हळूहळू. १२ आठवड्यांचा नियम आणि हाडाचा हिशोब इथे जवळजवळ एकच येतो.

बाणकोट_खाडी

मी वर नंबरचं लिहिलं ते चुकलं माझं, सॉरी ताई.

एक शंका, पुलअपला किती मार्क असतात? तेवढे सोडून नुसत्या धावण्यावर निघेल का?

माजी_नायब_सुभेदार

बरं केलंस बोललास.

आर्मीच्या मैदानात धावणं ६० मार्कांचं, साडेपाच मिनिटांच्या आत आलास तर पूर्ण. पुलअप १० मारले तर ४०. त्याशिवाय ९ फुटाचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स, ते नुसतं पास व्हायचं. पुलअप सोडून मेरिटला कुठे लागणार. आणि २०२३पासून ऑनलाइन परीक्षा आधी असते, तिथे पास झाला तर मैदान. म्हणून ताई, हात बरा होतोय ते तीन महिने पोराला पुस्तकाला लाव. आमची कोकणातली पोरं मैदानात कमी पडत नाहीत, गणितात अडकतात.

वय मोज. साडेसतरा ते २१ हे अग्निवीर स्कीम २०२२ला आली तेव्हा धरलं होतं, २३ केलं होतं ते फक्त पहिल्या वर्षापुरतं, आताचं वय नोटीसमधे बघ. हा १९ला टेकलाय म्हणजे एक वर्ष गेलं तरी हातात संधी राहते. ह्या वर्षी रेटून न्यायला जाऊ नको. अर्धवट हाड घेऊन मैदानात उतरला आणि बारवर हात मोडला तर सगळंच गेलं.

महाडचे_मास्तर

मी शिक्षक, महाड तालुक्यातला. आमच्या इथलं फौजी आंबवडे सगळ्यांना माहीत असेल, पहिल्या महायुद्धापासून त्या गावातली माणसं फौजेत आहेत. तिकडे दापोलीला तर कॅम्प दापोली असंच नाव पडलंय, इंग्रजांच्या वेळी तिथे छावणी होती. सांगायचं हे की आपल्याकडे प्रत्येक दोन-चार गावात एक तरी रिटायर फौजी आहे आणि पोरं त्याला न विचारता क्लासच्या पाट्या वाचत फिरतात. माझा एक विद्यार्थी प्लेट काढून गेला भरतीला, तिथे अनफिट लिहिलं, मिलिटरी हॉस्पिटलला रिव्ह्यूसाठी चिठ्ठी दिली. तो इतका खचला की चिठ्ठी खिशात घेऊन घरी येऊन झोपला. मुदत गेली. हे कुणीतरी नीट समजावून सांगा.

माजी_नायब_सुभेदार

मास्तर, फार महत्त्वाचं बोललात, माझ्याकडून राहिलं होतं.

रॅलीत अनफिट म्हटलं म्हणजे शेवट नसतो. चिठ्ठीवर एमएचचं नाव असतं, ५ दिवसात तिथे हजर व्हायचं असतं. तिथे स्पेशालिस्ट बघतो, त्याचं म्हणणं शेवटचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गची पोरं कोल्हापूर भरती कार्यालयाला येतात आणि रायगडची मुंबईला, त्यामुळे हॉस्पिटल घरापासून लांबच असणार. रडायचं असेल तर गाडीत बसून रडा, पण निघा. फाइल बरोबर न्या. ऑफिसर एंट्रीला वेगळं आहे, तिथे अपील मेडिकल बोर्ड ४२ दिवसात, आणि त्याच्यावर रिव्ह्यू बोर्ड.

फाइलमधे काय काय हवं ते ताई लिहून घे. मोडल्या दिवसाचा एक्स-रे, ऑपरेशन नोट, दुरुस्त डिस्चार्ज कार्ड, प्लेट काढल्याचं डिस्चार्ज कार्ड तारखेसकट, आणि काढल्यावर तीन महिन्यांनी काढलेला नवीन एक्स-रे. तारीख दिसली पाहिजे. १२ आठवडे ते तुझ्या तोंडावरून मोजत नाहीत, कागदावरून मोजतात.

हर्णैची_ताई

*(साडेचार महिन्यांनी)*

धागा वर आणतेय, सांगायचं होतं तुम्हा सगळ्यांना.

भावाला हा धागा पूर्ण वाचून दाखवला होता. देवगडच्या दादांचं वाचताना तो उठून बाहेर गेला, बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला ताई तारीख घे. प्लेटा काढल्या. आई दुसऱ्या ऑपरेशनला तयार नव्हती, चिपळूणच्या डॉक्टरांनी लिहिलेलं मी तिला दोनदा वाचून दाखवलं, भोकं भरतात हे ऐकल्यावर तयार झाली. बोटं सगळी हलतात, तळवा पूर्ण वर-खाली होतो. सहा आठवडे त्याला नारळ पण सोलायला दिला नाही. परवा तीन महिन्यांचा एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले भोकं बुजत आलीत, पुलअप हळूहळू चालू कर. काल दोन मारले. धावणं मात्र एक दिवस चुकवलं नाही टाके निघाल्यावर, ओहोटीची वेळ बघून जातो कडक वाळूवर, ५ मिनिटं २४ सेकंद.

क्लास बदलला. ह्या वर्षीचा फॉर्म सोडला, पुढच्या वर्षी भरणार.

दुरुस्त कार्डासाठी तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा म्हणाले काय फरक पडतो. तिसऱ्यांदा मी तिथेच बसून राहिले. मिळालं, डावा हात, सही शिक्क्यासकट.

देवगडचा_रेडर

ताई. खूप बरं वाटलं. त्याला सांगा दोनाचे दहा व्हायला वेळ लागू दे.

माजी_नायब_सुभेदार

शाबास पोरी. नवीन एक्स-रेवर त्याचं पूर्ण नाव, वय आणि डाव्याची खूण आहे ना, ते आत्ताच बघ. तीन झेरॉक्स सेट कर. ओरिजिनल जाड प्लास्टिकमधे ठेव, पाऊस आहे, माळ्यावर टाकू नको परत.

हर्णैची_ताई

सगळं बघितलं काका, नाव बरोबर आहे, एल पण आहे कोपऱ्यात. आईने फाइल मेणकापडात गुंडाळून कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवलीय, मलाही हात लावू देत नाही.